मरत का नाही बे?

सोलापूरच्या माणसाला हरण्याचं फारसं वावडं नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला, किंवा आज येणारं नळाचं पाणी परवा आलं, तरी त्याच्या तोंडून फार तर 'जाऊ दे की बे' निघतं. तो खरा भडकतो वेगळ्याच वेळी. आपण नेम धरून मारावं, मारलेलं बरोबर बसावं आणि समोरच्याचं काही म्हणता काही बिघडू नये, हे मात्र त्याला सोसत नाही.

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीच्या जिन्यावर उन्हाळ्यात रात्री चार पोरं फ्री फायर खेळत बसतात. जिन्याची फरशी गार असते आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचं वाय-फाय दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतं. अड्डा जमायला आणखी काय लागतं? एकाच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी कन्नड, उरलेल्या दोघांच्या घरी मराठी. खेळताना मात्र चौघांची मिळून एकच भाषा होते आणि तिच्यात निम्मे 'बे' असतात. मी वर गॅलरीत वाऱ्याची वाट बघत बसलेला असतो. वारा येत नाही, आवाज येतात.

पोरगं मेलं तर आवाज शांत असतो. 'गेलो बे. उचल की मला.' एवढंच. मग ते फोन फरशीवर पालथा टाकतं, कारण फोनही तापलेला असतो. चार शेंगदाणे तोंडात टाकतं आणि शेजारच्याच्या फोनात डोकावून सल्ले द्यायला लागतं. मरणाचं दुःख शेंगदाणे चावून होईपर्यंत टिकतं.

पण समोरच्याने भिंत लावली, की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठतं.

'अबे भिंत लावला बे! परत लावला! किती भिंती हायत बे त्याच्याकडं? गवंडी हाय का काय!'

ज्यांना हा गवंडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. फ्री फायर हा गरेना कंपनीचा २०१७ सालचा खेळ. बेटावर उतरायचं, हत्यारं गोळा करायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. भारत सरकारने फेब्रुवारी २०२२मध्ये त्यावर बंदी घातली. पण त्याचीच फ्री फायर मॅक्स नावाची आवृत्ती उरली होती, आणि आमच्या जिन्याने ते स्थलांतर एका संध्याकाळीत उरकलं. या खेळात ग्लू वॉल नावाची चीज असते. हातातला गोळा टाकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढ्यात बर्फासारखी भिंत उभी. तुमच्या गोळ्या तिच्यावर आपटतात. तिलाही स्वतःचा जीव असतो, तो संपला की ती फुटते. तोवर पलीकडच्याने मलमपट्टी करून घेतलेली असते, बंदूक भरून घेतलेली असते, आणि तुम्ही भिंत फोडलीत त्याचं बक्षीस म्हणून तो दुसरी भिंत लावतो.

इथे गंमत अशी की चौघांपैकी प्रत्येकाच्या खिशात त्याच भिंती असतात. आपण लावली की ते 'स्किल', त्याने लावली की 'चीटिंग'. आपली भिंत पडली तर तिच्यात दम नव्हता, त्याची पडत नसेल तर नेटवर्क खराब. आमच्या जिन्यावर या सिद्धान्तावर मतभेद झालेला मी ऐकलेला नाही.

डिसेंबर २०२०मध्ये याच खेळात क्रोनो नावाचं पात्र आलं. ते ख्रिस्तियानो रोनाल्डोवर बेतलेलं होतं. ज्या माणसाने जन्मभर गोल मारले त्याला गरेनाने काम काय दिलं, तर अडवायचं! क्रोनो स्वतःभोवती एक निळसर घुमट उभा करायचा. या खेळात खेळाडूचा जीव २००चा, आणि तो घुमट पचवायचा ६००चा मार. म्हणजे एका माणसाला तीनदा मारण्याइतका दारूगोळा खर्च केलात की मग तो पहिल्यांदा मरायला तयार होणार. आणि कळस म्हणजे आत बसून त्याला बाहेर गोळ्या मारता यायच्या. ओरड अशी झाली की कंपनीला त्या घुमटाची मुदत कमी करावी लागली, पुन्हा वापरण्याआधी थांबायचा वेळ, म्हणजे 'कूलडाउन', वाढवावा लागला आणि पुढे आतून बाहेर मारण्याची सोयही काढून घ्यावी लागली. खेळाडूंच्या भाषेत याला 'नर्फ' करणं म्हणतात. क्रोनो नर्फ झाला तेव्हा ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी न्याय मिळाला म्हणून आनंद केला. ज्यांनी नुकताच तो मिळवला होता त्यांना पहिल्यांदाच कळलं की ही कंपनी गरिबांचं ऐकत नाही.

हे वेड फोन आल्यावर सुरू झालं असं आमच्या पिढीने म्हणू नये. नव्वदच्या दशकात नव्या पेठेतल्या एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. आत एक पंखा, सहा मशिनं आणि त्यांच्याभोवती घामाघूम गर्दी. तिथे कॅपकॉमच्या १९९१च्या 'स्ट्रीट फायटर टू'वर एक इसम येऊन बसायचा. तो दांडा मागे ओढून, माणूस खाली बसवून, कोपऱ्यात नुसता थांबायचा. या खेळात दांडा मागे ओढला की मार अडतो. तुम्ही उडी मारून गेलात की तो खालून एक लाथ घालायचा आणि परत बसायचा. नव्व्याण्णवचं घड्याळ संपेपर्यंत तो असाच बसायचा; एका लाथेपुरता त्याचा जीव जास्त उरलेला असायचा आणि तो जिंकायचा. त्याला कोणी 'भारी खेळतो' म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याच्या घराण्याचा उद्धार मात्र रोज व्हायचा.

खरं म्हणजे खेळ बनवणाऱ्या जपान्यांना हा इसम सोलापुरात आहे हे आधीच माहीत असावं. त्यांनी दोन उतारे ठेवलेले होते. खास फटका अडवला तरी त्यातून जीव किंचित झिजतो, म्हणजे नुसतं बसून राहणं फुकट नाही. आणि अगदी जवळ जाऊन माणसाला उचलून आपटलं, तर अडवण्याचा काही उपयोग होत नाही. झालं, मग आम्ही त्याला उचलून आपटायला लागलो. यावर तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, 'हे चीटिंग हाय.' गर्दीतल्या निम्म्यांनी मान डोलावली. म्हणजे बसणं चीटिंग आणि बसलेल्याला उचलणंही चीटिंग. पार्लरवाल्याने मध्ये पडून सगळ्यांकडून एकेक रुपया घेतला आणि प्रश्न तात्पुरता मिटला.

असल्या रागाचा हिशेब ज्यांनी पोटापाण्याचा धंदा म्हणून मांडला त्यांतला एक टॉम कॅडवेल. 'लीग ऑफ लेजेंड्स' करणाऱ्या रायट कंपनीतला हा माणूस खेळाडूंमध्ये झिलियस या नावाने ओळखला जायचा. खेळात काय करू नये याची त्याने एक यादी केली होती. तीत एक कलम असं होतं, की स्किल वापरणाऱ्याला होणाऱ्या मजेपेक्षा ते सोसणाऱ्याची चिडचिड मोठी असेल तर ते स्किल वाईट. त्याचं उदाहरण होतं समोरच्याचा 'मना' जाळून टाकण्याचं. मना म्हणजे जादू करायला लागणारं इंधन. ते जाळणाऱ्याला फार काही मिळत नाही; ज्याचं जळालं तो मात्र हातात दहा जादू असून मैदानात नुसता उभा. 'लीग'मध्ये म्हणूनच ती भानगड ठेवली नाही.

बचावाचं दुखणं नेमकं हेच आहे. घुमटाआड लपलेल्याला मिळतो तो 'हुश्श, वाचलो' एवढा क्षणभराचा दिलासा. बाहेरच्याला मात्र रात्री दोन वाजता कूस बदलतानाही तो घुमट दिसतो. गोळी लागून मेलेल्या माणसाने निदान काहीतरी केलेलं असतं, चुकीच्या वळणावर गेला, उशिरा वाकला. भिंतीपुढे उभ्या राहिलेल्याने सगळं बरोबर केलेलं असतं आणि तरी काही झालेलं नसतं. हरल्याचा राग येत नाही हो. आपलं काही चालत नाही याचा येतो. ब्लिझर्डच्या 'ओव्हरवॉच'मध्ये एका काळी दोन-दोन ढालवाले एका संघात येऊ लागले, तेव्हा लोक शत्रूवर कमी आणि ढालींवर जास्त गोळ्या झाडायचे. २०२२च्या 'ओव्हरवॉच टू'मध्ये संघ सहाचा पाचावर आणला, एक पहिलवान कमी केला आणि ओरिसा या पात्राची ढाल काढूनच घेतली. त्यानंतर लोक दुसऱ्या कशावर तरी चिडायला मोकळे झाले.

सगळ्याच बचावाचा राग येतो असंही नाही, आणि याचा पुरावा म्हणजे पबजीतला तवा. पबजीत लपणाऱ्यांचा बंदोबस्त खेळाने मुळातच केलेला आहे: सुरक्षित जागेचं वर्तुळ आकसत जातं आणि न्हाणीघरात दडी मारून बसलेल्या शूराला बाहेर यावंच लागतं. गवतात पालथं पडून शेवटपर्यंत सरपटणारे तरीही असतातच. त्यांना पोरं 'स्नेक' म्हणतात आणि नागपंचमीलाही सोडत नाहीत. पण तव्याला कोणी शिवी देत नाही. खेळात एक लोखंडी तवा मिळतो. तो हातात घेऊन हाणता येतो, आणि हातात नसला की तो पाठीमागे, कमरेखाली लटकतो. त्याच्यावर लागलेली गोळी आत जात नाही. टण्ण! एवढाच आवाज येतो. ती टण्ण ऐकली की मारणाराही हसतो. कारण तव्याने झाकलंय ते फक्त बूड. डोकं उघडं आहे, पाय उघडे आहेत, माणूस वळला की पुढून सगळाच उघडा आहे. तवा दिसतो, ऐकू येतो, आणि त्याला उत्तर आहे: जरा वर मार. सोलापुरात हा खेळ बनला असता तर तव्याऐवजी कडक भाकरी लटकवली असती. काम तेच झालं असतं, आणि शेवटच्या वर्तुळात भूक लागली तर सोयही.

सप्टेंबर २०२०मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै २०२१मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला. तवा शाबूत होता.

भिंतीपुढे असा चिडलेला खेळाडू सोलापूर जिल्ह्याने फार जुन्या काळीही पाहिलेला आहे, आणि तो काही साधासुधा नव्हता. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी माचणूर आहे. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५पासून १६९९पर्यंत होती. माणसाकडे काय नव्हतं? हत्ती होते, तोफा होत्या, खजिना होता, जगातल्या मोठ्यांतलं एक सैन्य होतं. समोर काय, तर डोंगर आणि डोंगरावर भिंत. जिंजीचा वेढा १६९०ला सुरू झाला तो १६९८ला संपला, आणि संपला तेव्हा राजाराम महाराज आतून निसटलेले होते. शत्रू आत आहे म्हणून आठ वर्षं भिंत फोडायची आणि फोडल्यावर आत बघावं तर तो दुसरीकडे! आमच्या जिन्यावर हे घडलं असतं तर फोन भिंतीवर आपटला असता.

बादशहाने आपटण्यासारखं जवळ काही ठेवलं नव्हतं, म्हणून ८१व्या वर्षी तो स्वतः ब्रह्मपुरीहून किल्ले घ्यायला निघाला. डिसेंबर १६९९मध्ये साताऱ्याला वेढा घातला. तिथे लावलेल्या सुरुंगाने तट उडाला खरा. पण तो कोसळला बाहेरच्या बाजूला आणि मोगलांचीच माणसं गाडली गेली. आपलाच ग्रेनेड आपल्या पायाशी! त्यानंतर त्याने जे केलं ते आजच्या कुठल्याही पोराला ओळखीचं वाटेल. खेळून जमेना, तेव्हा पैसे मोजले. १७०२ला विशाळगड रोख रक्कम देऊन ताब्यात घेतला, आणि हा व्यवहार काही एकट्या विशाळगडाचा नव्हता. गेममध्ये याला 'पे टू विन' म्हणतात. फरक इतकाच, की गेममध्ये विकत घेतलेली वस्तू निदान आपल्याकडे राहते. इथे मराठ्यांनी पैसेही घेतले आणि पाठ फिरताच किल्लेही एकेक करून परत घ्यायला सुरुवात केली. १७०७मध्ये अहमदनगरला बादशहा वारला तेव्हा त्याने घेतलेले बरेच किल्ले पुन्हा होते तिथेच होते.

त्या मानाने आमच्या सोलापूरच्या भुईकोटाने कोणाला फार रडवलं नाही. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, अशी सगळी तयारी होती. पण मे १८१८मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोपुढे प्रकरण आठवडाभरही चाललं नाही. मे महिना होता. आतल्यांना उकडत असणार. आता तिथे बाग आहे आणि तटाच्या सावलीत जोडपी बसतात. त्यांची पाळत ठेवणाऱ्या नातेवाइकांना मात्र तो बचाव आजही भेदता येत नाही.

बचाव असा हवा की समोरच्याने चिडावं, पण उठून जाऊ नये. ही कसरत कोरियन आणि अमेरिकन कंपन्यांना आता आता जमू लागलीय. आपल्याकडे ती १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले तेव्हाच झालेली होती. नियम काढून बघा. जो पाठलाग करतोय त्याचेच हात बांधलेले: एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्याला खो द्यायचा. जो पळतोय तो मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा इकडून तिकडे. क्रोनोला नर्फ करा म्हणणाऱ्या पोराने हे वाचलं तर म्हणेल, हा खेळ पळणाऱ्यानेच लिहिलाय. तरीही शंभराहून जास्त वर्षं पाठलाग करणारे नव्या उमेदीने मैदानात येतात. कारण पळणारा डोळ्यांसमोर असतो, हाताच्या अंतरावर असतो, दर वेळी बोटभर चुकलेला असतो. त्याच्याभोवती भिंत नाही. जे आहे ते त्याच्या पायांत आहे.

आणि आपल्या मराठी वर्तमानपत्रांचं खो-खोचं वार्तांकन कधी नीट वाचलंय? क्रिकेटच्या बातमीत कोणी किती मारलं ते असतं. खो-खोच्या बातमीत अमक्याने दोन मिनिटं दहा सेकंद संरक्षण केलं, तमक्याने एक मिनिट चाळीस सेकंद, असं नावापुढे कंसात छापून येतं. न मरण्याची वेळ सेकंदासकट छापणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही. जिन्यावरच्या पोरांनी 'भिंत लावला बे' म्हणून ज्याला शिव्या दिल्या, त्याचाच चुलतभाऊ इथे बातमीचा हिरो.

तो हिरो आमच्या जिल्ह्याचाही आहे. माळशिरस तालुक्यातलं वेळापूर अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरासाठी ओळखलं जातं, तसं खो-खोसाठीही. रामजी कश्यप तिथला. २०२२ला पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, तीत तो चेन्नई क्विक गन्सकडून खेळला. या लीगने जुन्या खेळाला दोन नव्या मात्रा दिल्या. पाठलाग करणाऱ्यांना मिळाला 'वझीर'; त्याला दिशेचं बंधन नाही, कुठेही वळावं. आणि पळणाऱ्यांना मिळाली 'ड्रीम रन'; ठरलेल्या वेळेपलीकडे टिकून राहिलात, तर नुसतं टिकल्याचेही गुण. एकाच्या हाती नवं हत्यार दिलं की त्याच दिवशी दुसऱ्याच्या पदरातही काही टाकायचं, हे भल्या भल्या कंपन्यांना दोन-दोन अपडेटनंतरही सुचत नाही.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात नेपाळला ५४-३६ असं हरवलं. प्रियांका इंगळेच्या महिला संघानेही चषक घेतला. पुरुषांच्या त्या संघात वेळापूरचा रामजी होता. पुढे कधीतरी त्या सामन्याचे तुकडे मी जिन्यावरच्या पोरांना दाखवले. चौघंही एका फोनवर वाकली. पाठलाग करणारा सूर मारतो, पळणारा कंबर आत घेऊन खांबापाशी वळतो, बोटं हवेत राहतात.

'हुकला बे!' एकजण ओरडला.

'परत हुकला!'

'ए, पण हा किती वेळ असाच पळणार?' तेलुगूवाला माझ्याकडे बघून म्हणाला. 'काका, याला कूलडाउन नाही का?'

मी सांगितलं, आहे की. सात मिनिटं संपली की डाव बदलतो, मग यालाच दुसऱ्यांच्या मागे धावायला लागतं.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

'मग चालतंय,' कन्नडवाला म्हणाला, आणि फोन मागे सारून पुन्हा पहिल्यापासून लावला.